नाव लोटण्याआधी

गेल्या महिन्यातल्या अभ्यासवर्गात एका पोरानं मला सगळ्यांदेखत विचारलं, "सर, तुम्ही म्हातारे झालात म्हणून सावध झालात, की सावध झालात म्हणून म्हातारे दिसता?" सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही.

मोर्चाची बोलणी चालली होती. मी एवढंच म्हणालो होतो, की आधी वकील बघून ठेवा, बाया-पोरी रात्री घरी कशा पोचणार ते ठरवा, पाण्याची सोय बघा. तो उसळून म्हणाला, "क्रांती विमा उतरवून होत नसते. सावधपणा म्हणजे भित्रेपणानं घातलेला इस्त्रीचा सदरा."

वाक्य फक्कड होतं. त्याच्या वयात मीही असली वाक्यं करायचो, आणि त्यातल्या एका वाक्यानं काय केलं ते मी आजवर कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. आज सांगतो. प्रश्न असा आहे मित्रहो, की आपण आपल्या जिवावर उदार होऊ शकतो, तो आपला हक्क आहे. पण दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायचा हक्क चळवळीतल्या माणसाला कुणी दिला?

त्यासाठी एक नदी, एक नाव आणि अडीच पोती जोंधळा सांगावा लागेल.

१

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मराठवाडा पेटला. म्हणजे आपली घरं पेटली. मराठीत 'नाव' या एकाच शब्दाचे दोन अर्थ. त्या पावसाळ्यात आम्हाला दोन्ही महाग पडले.

गोदावरीच्या पल्याड एका गावात आमच्या लोकांची घरं जाळली. माणसं वाचली, दाणा वाचला नाही. पुलावरून जायचं तर वाटेत चार गावं लागत, आणि त्या दिवसांत चारही गावांतून जायची सोय नव्हती. राहिली नदी. पूर ओसरून चार दिवस झालेले. पाणी गढूळ, पण काठात आलेलं. आमच्याकडं अशा पाण्याला 'ओढ हाय' म्हणतात. म्हणजे माणसाला बुडवीलच असं नाही, पण विचारल्याशिवाय पुढंही जाऊ देणार नाही.

आम्ही घरोघर फिरून जोंधळा गोळा केला. कुणी पायली दिली, कुणी अर्धी. माझी आत्या विधवा, रोजगार हमीवर खडी फोडायची. तिनं दोन पायल्या ओतल्या. तिच्या कणगीचा आवाज पोकळ आला, तो मी ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नाव भोयाची. त्याला गावातून धान्य मिळायचं आणि गावानं दम दिलेला. तो म्हणाला, "मी येत न्हाई. नाव काठाला हाय. मी काय बघितलं न्हाई." मग मान फिरवून म्हणाला, "पर लेकहो, आज नका टाकू. उद्या मी बघतो कायतरी."

मी कार्यकर्ता. वय वीस. मी भाषण दिलं. पल्याड लेकरं उपाशी आहेत आणि आपण उद्याची वाट बघणार? हजारो वर्षं आपल्याला 'उद्या'च सांगितलं. पाण्याला भिणारा माणूस व्यवस्थेशी काय लढणार? हेच ते वाक्य. टाळ्या पडल्या. सहा जण नावेत चढले, मधे पोती. मी काठावरून नाव लोटली.

परत लिहितो, कारण पुढच्या आयुष्यात मी हे पुष्कळदा चुकवून सांगितलं. मी नाव लोटली. मी नावेत नव्हतो.

२

काय झालं ते आता मला नीट कळतं, तेव्हा कळलं नव्हतं.

आम्ही नावेचं तोंड सरळ पल्याडच्या काठाकडं केलं होतं. जायचं तिकडं, मग तोंड तिकडं. साधा हिशेब. पण काठाजवळचं पाणी संथ असतं आणि दहा-पंधरा पावलांवर धार लागते. तोंड धारेत गेलं, मागचं टोक अजून संथ पाण्यात. धारेनं तोंड धरून खाली फिरवलं. नाव आडवी झाली. वल्ही अजून पोरांच्या मांडीवरच होती. आडव्या नावेला पाणी ढकलत नेतं, वळवता येत नाही. खाली दीडशे पावलांवर पुरानं काठ खचून एक बाभूळ पाण्यात पडलेली. नाव तिच्यावर जाऊन आडवी टेकली.

काटे बघून पोरं घाबरली आणि बाभळीपासून दूर, वरच्या कडेला सरकली. माणूस असंच करणार. पण वरून पाणी त्याच कडेवर चढत होतं. कड दबली, पाणी आत आलं, आणि पाच-सहा श्वासांत नाव भरली. अशा वेळी जिथं अडकलो त्याच अंगाला, काट्याकडं झुकायचं असतं. आम्हाला कोण सांगणार?

पाच जण फांद्या धरून वर आले. सहावा फांद्यांच्या खाली गेला. भोई आणि त्याचा पोरगा मागून पळत आलेच होते, त्यांनी दोर टाकून त्याला ओढला. तो जगला. आज आजोबा आहे. पण अजूनही एस.टी. पुलावर आली की बोलायचा थांबतो.

जोंधळा गेला. पल्याड माणसं उभी होती. त्यांनी पोती जाताना बघितली.

माझी विजार गुडघ्याच्या वर भिजली नव्हती.

संध्याकाळी वाड्यात आमचं स्वागत झालं. मरणाच्या दाढेतून आले, वाघ आहेत वगैरे. आत्या शेवटी आली. तिनं त्या पोराच्या अंगावरून हात फिरवला, मग माझ्याकडं बघून एवढंच विचारलं, "मग माजं जोंधळं कुनी खाल्लं रं?"

आवाजात राग नव्हता. हिशेब होता. उपाशी माणसाला हिशेब विचारायची सवय असते. क्रांतीच्या कुठल्या पुस्तकात या प्रश्नाचं उत्तर आहे, मला अजून सापडलेलं नाही.

३

त्या रात्री पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात आली. आम्ही नदीकाठी जन्मलो. आमच्या सात पिढ्या त्या काठावर गेल्या. तरी सहातल्या चौघांना पोहता येत नव्हतं आणि नाव कशी टाकतात हे एकालाही माहीत नव्हतं. का?

कारण नदी आमची नव्हतीच. गावाचा घाट वरच्या अंगाला, आमचा उतार खालच्या अंगाला. गावानं धुतलेलं, खंगाळलेलं, सोडलेलं सगळं आमच्याकडं यायचं. बाबासाहेबांनी सांगितलं, की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. त्याचा अर्थ त्या रात्री मला ओल्या दोरासारखा हाताला लागला. भोयाला पाणी माहीत, पण त्याला शाळा माहीत नाही. मला घटना पाठ, पण मला पाणी माहीत नाही. दोघांचंही अज्ञान जातीनं वाटून दिलेलं. आमचं न येणं हा आमचा दोष नव्हता. पण आपल्याला येत नाही हे माहीत असून दुसऱ्याला पाण्यात लोटणं हा दोष माझाच. तो मनूच्या माथी मारता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भोई आपणहून आला. म्हणाला, "नाव माजी फुटता फुटता राहिली. आता मीच येतो." जोंधळा पुन्हा गोळा झाला, दीड पोतं. आत्यानं पुन्हा अर्धी पायली दिली. माझ्या हातात दिली नाही, भोयाच्या पोराच्या हातात दिली.

भोयाची पहिली अट ऐकून आम्ही गप्पच झालो. "हितून नाव टाकायची न्हाई. खाली बाभळ हाय. नाव दोरानं वढून गावाच्या घाटावर न्यायची. तिथून टाकली तर पानी खाली आनंल, अन् आपून बराबर समोरच्या उताराला लागू."

ओढीच्या पाण्यात नाव जिथं पोचायची असते, त्याच्या बऱ्याच वरून टाकावी लागते. हा नदीचा नियम. पण वर गावाचा घाट, आणि त्या घाटावर आम्ही कधी पाय ठेवलेला नव्हता. म्हणजे आदल्या दिवशीचा अपघात बाभळीनं घडवला नव्हता. आमची जागाच अशी ठरवली होती, की तिथून जो निघेल तो बाभळीवरच जाईल.

एक जण म्हणाला, "मामा, मग पहाटं अंधारातच नेऊ." भोई म्हणाला, "अंधारात पानी दिसत न्हाई. उजेडातच न्यावी लागंल."

मित्रहो, यात काय आहे ते नीट बघा. तो काही सत्याग्रह सांगत नव्हता. तो फक्त नाव सुखरूप कशी टाकायची ते सांगत होता. पण सुखरूप टाकायची म्हटल्यावर वरच्या घाटावर जावं लागलं आणि दिवसाढवळ्या जावं लागलं. म्हणजे सगळ्यात सावध वाट हीच सगळ्यात धीट वाट निघाली. आदल्या दिवशी आम्ही शूर होतो, पण उभे होतो गावानं नेमून दिलेल्या जागेवरच.

आम्ही दोर खांद्यावर घेऊन नाव काठाकाठानं वर ओढली. घाटावर धुणाऱ्या बायांनी कपडे उचलले आणि बाजूला झाल्या. एका म्हाताऱ्यानं आईवरून शिवी दिली. भोयानं मान वर न करता सांगितलं, "नाव माजी हाय, घाट सरकारचा हाय." कायद्यानं तो बरोबरच होता. घटनेच्या पंधराव्या कलमात स्नानघाट आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात तर नदी आणि स्नानघाट दोन्ही आहेत. कलम मला पाठ होतं, बोलला मात्र तो.

४

मग त्यानं नाव कशी टाकली ते सांगतो. हे पाठ करून ठेवा, नदीत नाही तर दुसरीकडं लागेल.

आधी तो नुसता उभा राहिला. बिडी संपेपर्यंत पाणी बघितलं. वाळकी काटकी टाकली, ती कुठं जाते, कुठं फिरते, किती वेळात कुठं पोचते ते बघितलं. काठाजवळ एका खडकाच्या आडोशाला पाणी उलटं, सावकाश फिरत होतं. नाव तिथं आणली. तोंड वर, जिकडून पाणी येतं तिकडं.

तळाला तुऱ्हाट्या टाकल्या, त्यावर मधोमध पोतं. माणसं चारच. आणखी दोघं चढायला लागले तर त्यानं नावेची कड दाखवली. "पान्यापासून कड वीतभर वर पायजे. तुमी चढला तर चार बोटं ऱ्हाईल. तुमचं मन मोठं हाय, नाव लहान हाय." एकेक जण वाकून, दोन्ही कडा धरून, पाय मधे टाकत बसला. काल आम्ही उड्या मारून चढलो होतो. पाणी उपसायला एक डबा. वल्ही आधीच पाण्यात. वल्ही पाण्यात गेल्याशिवाय दोर सुटणार नाही.

त्याचा पोरगा दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात उभा, आणि तोही वरच्या अंगाला. नाव आणि खडक यांच्यामधे उभं राहायचं नाही, कारण भरलेली नाव सरकली तर माणूस चिरडतो. दोर मुठीत धरलेला, मनगटाला गुंडाळलेला नाही. गुंडाळला तर नावेबरोबर माणूसही जातो.

नाव निघाली ती पल्याडच्या काठाकडं तोंड करून नाही. तोंड वरच, थोडंसं पल्याडकडं तिरकं. वल्ही पाण्याविरुद्ध चालली होती, आणि तिरक्या अंगावर लागणारं पाणीच नावेला पल्याड ढकलत होतं. मी तोंड वासून बघत राहिलो. ज्या ओढीनं काल बुडवलं तीच ओढ आज नेत होती. पाणी तेच, नदी तीच.

मी या वेळी नावेत होतो. पहिल्या खेपेला. भोयानंच सांगितलं, "कालचा लोटनारा म्होरं बसंल."

पल्याड पोचलो. दीड पोतं उतरलं. माणसं जास्त, दाणा कमी. एका बाईनं पदरात घेता घेता विचारलं, "काल येनार हुते ते तुमीच का?" मी हो म्हणालो. ती पुढं काही बोलली नाही. तिच्या लेकरांनी मधली रात्र काय खाल्लं, ते मी विचारलं नाही.

५

आता त्या पोराच्या प्रश्नाकडं येतो. सावधपणा आणि भित्रेपणा दुरून सारखेच दिसतात, हे मान्य. दोघंही 'थांबा' म्हणतात. आपल्याला आयुष्यभर 'थांबा, अजून वेळ आली नाही' म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यात आपलेही होते. मग ओळखायचं कसं?

माझी खूण अशी. 'थांबा' म्हणणारा कुठं उभा आहे ते बघा. तो काठावर कोरडा असेल तर त्याचं ऐकू नका. पण 'लोटा' म्हणणाराही काठावर कोरडाच असेल, तर त्याचंही ऐकू नका. दुसरी खूण, थांबलेल्या वेळात काम आहे का? भित्र्याच्या थांबण्यात नुसतं थांबणं असतं. सावध माणसाच्या थांबण्यात दोर वळला जातो, नाव वर ओढली जाते, वजन मोजलं जातं.

महाडचंच बघा. डिसेंबर १९२७. बाबासाहेब मुंबईहून पद्मावती बोटीनं निघाले, दासगावला उतरले आणि महाडला आले. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. हजारो माणसं तळ्यावर जायला, तुरुंगात जायला तयार होती. पण विरोधकांनी तळं खाजगी असल्याचा दावा करून कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम आणलेला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. शहरातून मिरवणूक निघाली, पण त्या खेपेला पाण्याला हात लागला नाही. त्या दिवशीही तरुण पोरं चरफडली असतीलच. पण २० मार्चला याच तळ्यावर हा माणूस स्वतः पाणी प्याला होता, त्यानंतर झालेल्या हल्ल्यात आपली माणसं रक्तबंबाळ झालेली त्यानं बघितली होती, आणि पुढं दहा वर्षं तो खटला लढला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला. ते थांबणं म्हणजे नाव वरच्या घाटावर ओढत नेणं होतं.

बुद्धानं मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दाखला दिला आहे. आपले वक्ते त्यातला शेवट सांगतात, की नदी उतरल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरू नका. छान आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांनी नदी अजून ओलांडलेलीच नाही, डोक्यावरच्या ओझ्याची चिंता आत्ताच कशाला? त्या दाखल्याचा पहिला भाग वाचा. तो माणूस आधी काठ बघतो, इकडचा धोक्याचा, पलीकडचा सुरक्षित. नाव नाही, पूल नाही. मग तो गवत, लाकडं, फांद्या, पानं गोळा करतो, बांधतो आणि हातापायांनी पाणी कापत जातो. धम्मात सुखरूप पोचणं ही लाजेची गोष्ट नाही. त्यासाठीच तर सगळा खटाटोप.

आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. या देशात आपल्या माणसाला दोर न बांधता गटारात उतरवतात. २०१३ चा कायदा आहे, सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं, २०२३ साली तीस लाख केले. माणसं मरायची थांबलेली नाहीत. का? कारण उतरवणाऱ्याच्या लेखी तो जीव स्वस्त आहे. मग चळवळीत आपण आपल्याच पोराला दोराशिवाय धारेत लोटलं आणि त्याला शौर्य म्हटलं, तर आपणही त्याचा भाव तेवढाच ठरवला नाही काय? सावधपणा म्हणजे भिणं नव्हे. सावधपणा म्हणजे समोरच्याला माणूस धरून त्याचं वजन मोजणं.

आमच्या गावाजवळ आता पूल झाला आहे. भोई गेला. विद्यापीठाला १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव मिळालं, साडेपंधरा वर्षांनी. नावा मात्र अजून उलटतात. २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला, २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या पाण्यात. दोन्ही वेळा पेपर वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधली, नाव टाकताना कड पाण्यापासून किती वर होती. पेपरात ते नसतं.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, कारण ते देता येत नाही. अडीच पोती जोंधळा नदीनं खाल्लेला नाही, तो माझ्या वाक्यानं खाल्ला. म्हणून त्या पोराला आणि तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. मोर्चा काढा, जरूर काढा, मी येतो. पण आदल्या रात्री बसून हिशेब करा, नावेत कोण आहे, कुणाचा दाणा आहे, खाली बाभळ कुठं आहे, आणि आपण गावानं दिलेल्या जागेवरूनच तर निघत नाही ना. आणि जो 'लोटा' म्हणेल, त्याला पहिल्या खेपेला पुढं बसवा.

पुढच्या अभ्यासवर्गाला मी येतो आहे. त्या पोरालाही या म्हणावं.

जय भीम.